एव्हांथियाच्या नावाचे गहू

"नाव काय हो त्यांचं?" काउंटरपलीकडच्या बाईने विचारले, आणि माझ्या तोंडून आईचे नाव निघून गेले. एव्हांथिया. आई त्या वेळी घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून रानातली पालेभाजी निवडत होती. रेडिओ मोठ्याने लागलेला असणार, आणि मी येताना लिंबे आणणार म्हणून ती घड्याळाकडे बघत असणार. आणि इकडे मी तिला मारून मोकळी झाले होते. कंपनीने दिलेल्या सूचनांत सगळे होते. आई वारली, चाळिसाव्याचा विधी करायचा आहे, माणसे अमुक येतील, चेहरा माफक दुःखी ठेवावा, सोबत कोणी नेऊ नये. नाव मात्र नव्हते. अथेन्सच्या कुठल्यातरी काचेच्या इमारतीत बसून ज्या शहाण्याने हा प्रसंग रचला, त्याला कोणी मयताचे नाव विचारील हे सुचलेच नव्हते. हा माणूस जन्मला कुठे, वाढला कुठे? आमच्याकडे कोणी गेले म्हटले की पहिले विचारतात ते नाव, कारण नाव घेतल्याशिवाय मेलेल्यासाठी काही करताच येत नाही. मला माझ्या दोन्ही आज्यांची नावे घेता आली असती. मावशीचे घेता आले असते. बाबा तर केव्हाच गेले. आमच्या घरात मेलेल्यांचा तुटवडा नव्हता. पण सूचनांत 'आई' होते, म्हणून तोंडातून आईच आली, आणि तिच्यामागून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आले. ते सूचनांत नव्हते.

"तुम्हाला आयुष्य लाभो," ती म्हणाली आणि तिने छातीवर क्रूस केला. दुकानाच्या जांभळ्या एप्रनवर तिच्या नावाची पट्टी होती, आर्गिरो. माझ्याच वयाची, पन्नाशी ओलांडलेली, केसांच्या मुळांशी पांढरी रेघ, नखांचा रंग उडालेला. आता तिने काय करायचे ते मला ठाऊक होते. मयताच्या नावाने वाटायच्या गोड गव्हांचा मोठा थाळा दाखवायचा, त्याबरोबर ब्रँडीच्या बाटल्या, टोस्ट, चांदीचे मणी लावलेली सजावट, आणि 'आईसाठी एवढं तर करालच ना' असे काहीतरी म्हणायचे. ते ती म्हणते की नाही, हे गुपचूप, गिऱ्हाईक बनून बघायला तर कंपनीने मला पाठवले होते. आर्गिरोने यातले काही केले नाही. काउंटरवर दोन्ही कोपरे टेकून ती माझ्याकडे झुकली. "माझं ऐकाल का, बाई? मोठा थाळा नका घेऊ. निम्मे गहू वाया जातात, मग कबुतरांना घालावे लागतात. लहान घ्या. आणि ब्रँडी इथली कशाला, सुपरमार्केटात तीच मिळते. माझा नवरा गेला तेव्हा मी घेतलं होतं सगळं, वेड्यासारखं. नंतर कपाळ बडवत बसले." मग तिने लहान थाळ्याचे गहू डब्यात भरले, मागची बरणी उघडून मूठभर साखरेचे पांढरे बदाम काढले, दुकानाच्या कागदात बांधून पुडी केली आणि माझ्या डब्यावर ठेवली. "हे माझ्याकडून. एव्हांथियाच्या नावानं." मी काही बोलायच्या आत तिने गल्ल्याजवळून एक घडी घातलेला कागद काढला. "येत्या शनिवारी आत्म्यांचा शनिवार आहे, मेलेल्यांची नावं वाचायचा. मी माझ्या मेलेल्यांची नावं देणारच आहे पाद्र्याला. त्यात तुमच्या आईचंही घालते. वरच्या आया मारिनात. एक नाव जास्त झालं तर देवाला काही जड नाही."

आया मारिना. आईचे चर्च. लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून आईने आत्म्यांचा एकही शनिवार तिथे चुकवलेला नाही. पुढून तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, ऐकू येणारा कान वेदीकडे करून ती बसते, म्हणजे वाचली जाणारी नावे नीट कळतात. कागदाच्या एका बाजूला जिवंत माणसांची नावे लिहायची, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. आर्गिरोने पेन्सिलीचे टोक जिभेला लावले आणि माझ्या डोळ्यांदेखत मेलेल्यांच्या बाजूला माझ्या आईचे नाव लिहिले. तेव्हा म्हणता आले असते की थांबा, चूक झाली. पण मग कोणाची चूक, कसली चूक, हे सांगावे लागले असते, आणि ओळख उघड करायची नाही ही तर पहिलीच अट. मी पैसे दिले, पावती घेतली, आणि बाहेर वर्दारचा वारा तोंडावर आदळला. उत्तरेकडून येणारा हा वारा माणसाच्या अंगातले सगळे बाहेर काढून पुन्हा आत भरतो. डबा छातीशी धरून मी उतारावरून चालू लागले आणि मनात शिव्या घालू लागले. आधी कंपनीला, मग माझ्या मावसबहिणीला.

वासोनेच मला यात ढकलले. वासो माझ्या मावशीची मुलगी, लहानपणापासून कुठे काय फुकट मिळते याचा तिला बरोबर वास लागतो. "अगं निकी, दुकानात जायचं, हवं ते घ्यायचं, आणि वर तेच तुला पैसे देतात! तू नाहीतरी दिवसभर लोकांच्या चुका काढत असतेस, आता त्याचे पैसे घे." हे खरे होते, म्हणून जास्त झोंबले. सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे बसते, फोन घेते, लोकांना कळ सोसून थांबायला सांगते. एवढ्यावर दोघींचे भागत नाही. आमच्या इमारतीत हिवाळा आला की बैठक भरते, सगळ्या घरांना ऊब देणाऱ्या बंबात तेल भरायचे की नाही यावर भांडणे होतात, आणि शेवटी खालच्या मजल्यावरचा हातवारे करत म्हणतो, ज्यांना ऊब हवी त्यांनी आपापली लावावी. गेल्या थंडीत आईने अंगात कोट घालून, हातात स्टोव्हवर गरम केलेली वीट घेऊन दिवस काढले. या थंडीत मी तिच्या खोलीत विजेचा हीटर आणला. तो बिल खातो, पण आईचे गुडघे आता वाकतात. तेव्हा मी मोबाइलवर नाव नोंदवले, एक छोटी परीक्षा दिली, आणि इयासोनास नावाच्या मुलाचा फोन आला. आवाजात साखर. "स्वागत आहे, निकीबाई! आता तुम्ही आमचे डोळे आहात!" मी म्हटले, मला मोतीबिंदू आहे. तो खूप हसला. विनोद कळो न कळो, हसायचे, असे त्याला शिकवलेले असावे.

पहिले फेरे मला आवडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेट्रोलपंपावर पाठवले. काच पुसतात का बघा. माझ्याकडे गाडीच नाही, तर वासोची गाडी तिच्यासकट उसनी घेतली. पोराने काच पुसली नाही आणि मी ते लिहिले. बँकेत एक मुलगी मैत्रिणीशी बोलत होती, मला ताटकळत ठेवले, आणि 'काय हवंय?' असे मान वर न करता विचारले. तिला मी शून्य दिले आणि घरी येताना गुणगुणत आले. आयुष्यभर लोकांनी मला ताटकळतच ठेवले होते, नोकरीत, दवाखान्यात, लग्नाच्या बाबतीतही. आता कुणाला तरी आपण मोजणार, ही भावना कोवळ्या उन्हासारखी बरी वाटली. पण गिऱ्हाइकाचे सोंग आणि शोकाचे सोंग यांत फरक आहे की नाही? सूचनांत एक वाक्य होते, ते मला अजून जसेच्या तसे आठवते: 'शोकातला ग्राहक घासाघीस करत नाही, त्यामुळे मोठा थाळा सुचवण्याची ही उत्तम संधी आहे.' उत्तम संधी! माणूस मातीत जातो, घरचे डोळे सुजवून दुकानात येतात, आणि यांना तिथे संधी दिसते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच. आणि ज्या बाईने ते खायला नकार दिला, तिला शून्य द्यायचे, ते मी. उताराखालच्या बसथांब्यावर उभी राहून मी इतक्या जोराने 'हलकट!' म्हणाले की शेजारच्या म्हाताऱ्याने टोपी सावरली.

घरी आले तेव्हा आई खरोखर भाजीच निवडत होती. ती जिवंत होती याचा मला राग आला. म्हणजे तिचा नव्हे. ती इतकी जिवंत होती, रेडिओवरच्या माणसाशी भांडत होती, बोटे मातीने काळी झाली होती, आणि मी मघाशीच तिच्यासाठी रडून आले होते, या सगळ्याचाच. आधी कंपनीसाठी फोटो काढायचा होता, डबा आणि पावती शेजारी ठेवून. तो मी बाहेरच्या खोलीत घाईघाईने काढला आणि पाठवला. मग आईने हाक मारली, "लिंबं?" लिंबे विसरले होते. "आणि तो डबा कसला?" आता लपवणार कुठे? मी तो टेबलावर ठेवला. आईने झाकण उघडले, पिठीसाखरेच्या थराखालचे गहू, डाळिंबाचे दाणे, मनुका बघितल्या, आणि दोन्ही हात धुऊन येऊन बसली. कोणाच्याही नावाचे गहू घरात आले की ती असेच करते, गंभीर होते, चमचा पुसते. "कोण गेलं?" "डॉक्टरांच्या ओळखीतलं कुणीतरी. तू नाही ओळखत." "ओळखत नसले म्हणून काय झालं? नाव सांग. नाव घेतल्याशिवाय घास कसा घ्यायचा?"

हेही सूचनांत नव्हते. एका दिवसात दुसऱ्यांदा मला मेलेल्याचे नाव विचारले गेले, आणि या वेळी डोळ्यांपुढे जांभळा एप्रन होता. "आर्गिरो," मी म्हटले. आईने क्रूस केला. "देव आर्गिरोला क्षमा करो. बिचारी. म्हातारी होती?" "नाही, माझ्याएवढी." "अरेरे," आई म्हणाली, आणि चावता चावता पुन्हा म्हणाली, "मुलंबाळं?" मला माहीत नव्हते. आईला गहू फार आवडले. साखर जरा जास्त आहे, म्हणाली, पण बनवणाऱ्याच्या हाताला चव आहे. बदामांची पुडी मी फोटो काढून झाल्यावर पर्समध्ये टाकली होती. ती तशीच राहिली, आणि खोलीत जाऊन मी त्या आर्गिरोचा अहवाल भरू लागले. स्वागत केले का? हो. हसली का? हो. हसली नव्हती, पण मी हो लिहिले. मोठा थाळा सुचवला का? हो. सोबतच्या वस्तू? हो, हो. काही मोफत दिले का? नाही. सगळ्या रकान्यांत मी खोटे लिहिले आणि ते लिहिताना मला बरेच दिवसांनी स्वच्छ वाटले. घ्या, म्हटले, तुमचे डोळे. उघड्या दारातून आई दिसत होती, हीटरसमोर पाय पसरून बसलेली, तिच्या पायांवर ऊन आल्यासारखा तांबूस उजेड पडलेला. तिने मला विचारले होते, हे नवीन काम कसले. मी म्हटले होते, दुकानांची पाहणी. तिला वाटले जनगणनेसारखे काहीतरी असेल.

तिला खरे सांगणे शक्यच नव्हते, आणि त्याचे कारण आमच्या कोपऱ्यावरची टपरी. आता तिथे मोबाइलची कव्हरे विकतात. मी लहान असताना ती थ्रासिवूलोसची होती, सिगारेटी, वर्तमानपत्रे, आगकाड्या, आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमची पेटी. देशात लष्करातल्या कर्नलांचे राज्य होते तेव्हा आगकाडीच्या प्रत्येक डबीवर त्यांचा तो आगीतून उठणारा पक्षी छापलेला असे. काड्या दमट निघाल्या तेव्हा बाबा टपरीवर उभे राहून म्हणाले, "पक्षी आगीतून उठला म्हणतात, मग माझी विडी का पेटत नाही?" दोघेतिघे हसले. थ्रासिवूलोसही हसला, आणि संध्याकाळी पोलिसांत जाऊन सांगून आला. बाबांची बंदरातली नोकरी गेली. बाबांना मारबीर झाली असेल तर मला आठवत नाही, मी अंगावर पीत होते. मला आठवतो तो आईचा हात. टपरी दिसली की तो हात माझे मनगट आवळून मला रस्त्यापलीकडे ओढायचा. आम्ही समोरच्या फुटपाथवरून जायचो, आणि टपरी मागे पडली की पुन्हा इकडे यायचो. राज्य गेले, कर्नल गेले, थ्रासिवूलोस म्हातारा झाला, त्याला कंप सुटला, लोक त्याच्याकडून पेपर घेऊ लागले. आई पलीकडूनच जायची. एकदा मी आइस्क्रीमसाठी रस्त्यावर बसकण मारली, पाय आपटले. आई ओरडली नाही. वाकून म्हणाली, "त्याच्या हातचं विष परवडलं, निकी. विषाला माहीत असतं आपण विष आहोत ते." त्याची प्रेतयात्रा आमच्या दारावरून गेली तेव्हाही तिने खिडकीचे दार लावून घेतले. या बाईला मी काय सांगणार, की मी पैसे घेऊन दुकानदारणींच्या चहाड्या करते? पण तो आणि मी एक कसे? तो राज्यकर्त्यांसाठी करत होता, मी मिठाईची दुकाने आणि पेट्रोलपंप यांच्यासाठी. त्याने माणूस बरबाद केला. मी तर सगळ्या रकान्यांत 'हो' लिहिले होते. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते आणि दर खेपेला मला थ्रासिवूलोसचाच राग जास्त येत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे असताना इयासोनासचा फोन आला. समोर एक मुलगा गाल धरून बसला होता. "निकीबाई, सुंदर अहवाल! फक्त एक छोटीशी गोष्ट. फोटोत डब्यावर एक पुडी दिसतेय." घाईत ती पुडी मी बाजूला ठेवलीच नव्हती. "ती पावतीवर नाहीये," तो म्हणाला. "ती माझी आहे. मी घरून आणली होती." "पुडीवर दुकानाचं नाव आहे हो." तो हसला, त्याच त्या साखरेने. मी म्हटले, "अरे पोरा, आमच्याकडे मयताच्या घरच्यांच्या हातात असं काही ठेवतात. तुझ्या घरी कुणी मरत नाही का? त्याला चोरी नाही म्हणत." "मी कुठं म्हणतो? पण वरून विचारतात ना. आणि मग मोठा थाळाही सुचवला नसणार, कारण पावती लहान थाळ्याची आहे. हे बघा, फोटो आणि उत्तरं जुळली नाहीत तर तुमचे या महिन्याचे सगळेच फेरे बाद होतात, मला ते आवडणार नाही. फक्त एवढं सांगा. बदाम तिने दिले, हो की नाही?" गाल धरलेला मुलगा माझ्याकडे बघत होता. मला आईच्या पायांवरचा तो तांबूस उजेड दिसला. "हो," मी म्हणाले. "थँक्यू, निकीबाई! तुम्ही फार मदत केलीत!" फोन बंद झाला आणि मग, केव्हा, तर तेव्हा, माझे तोंड उघडले. मी त्या बंद फोनला म्हटले की तुझ्या कंपनीला आग लागो, तुला गहू घालायला माणूस न उरो, शोकाचा बाजार मांडणाऱ्यांच्या घशात तुमचे ते थाळे अडकोत. डॉक्टर आतून बाहेर आला. मुलगा म्हणाला, माझं दुखणं थांबलंय, मी जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे झाले, आणि दोर वळणारी मी.

शुक्रवारी मी दुकानावरून दोनदा गेले. आत जांभळा एप्रन होता, पण तो एका कोवळ्या मुलीच्या अंगावर. आत जाऊन विचारायचे माझ्याने झाले नाही. मग मी दुसरे काम हातात घेतले, आईला आया मारिनापासून लांब ठेवायचे. "उद्या आपण खाली समुद्राकडच्या चर्चला जाऊ या का? तिथलं गाणं चांगलं असतं." "मी काय मैफिलीला जातेय?" "बाहेर वारा आहे. गुडघे धरतील." "धरू देत. तुझ्या बाबांचं नाव मी त्यांच्या नेहमीच्या जागी वाचायला देणार. ते मला दुसरीकडे कुठं शोधत बसतील?" तिने कपाटातून काळा कोट काढला, ब्रश मारला. रात्रभर भिजवलेले तिचे स्वतःचे गहू सकाळी उकडले, आणि आम्ही निघालो, मी गव्हाची परात धरून, ती माझा दंड धरून.

चर्चमध्ये मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. परातींची रांग लागलेली, प्रत्येकीत एक मेणबत्ती खोचलेली. पाद्री कागदांचा गठ्ठा घेऊन नावे वाचत होता, नुसती नावे, आडनाव नाही, गाव नाही. योर्गोस, मारिया, मारिया, सोतिरिस. नावे एकमेकांवर ओतली जात होती. बाबांचे नाव आले तेव्हा आईचे ओठ हलले. मी प्रत्येक नावाला मान आखडून उभी होते. वाटले, घाईत वाचतोय, गिळून टाकील. मग त्याने एक नवा कागद उचलला आणि कोणीतरी आधी सांगून ठेवल्यासारखे थांबून, नीट, मोठ्याने वाचले. "एव्हांथिया." आईचा ऐकू येणारा कान वेदीकडेच होता. तिने डोके वळवून माझ्याकडे पाहिले, जरा हसली, आणि कुजबुजली, "माझ्या नावाची! हल्ली कुणी ठेवत नाही हे नाव." मग तिने क्रूस केला. "देव तिला क्षमा करो." मला तिथल्या तिथे परात आपटावीशी वाटली.

बाहेर पायऱ्यांवर बायका कागदी पिशव्यांतून गहू वाटत होत्या. मी आईला ओढत होते, चल, गारठा आहे. तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो बाई! बाई, थांबा!" एप्रन नव्हता म्हणून क्षणभर ओळखू आली नाही. काळा स्वेटर, हातात पिशवी, डोळे सुजलेले. "ऐकलंत ना? मी पाद्र्याला मुद्दाम सांगितलं होतं, हे नाव मोठ्यानं घ्या म्हणून. म्हटलं, निदान एवढं तरी नीट होऊ दे या आठवड्यात. मला काढलं हो दुकानातून. ते चोरून बघणारं गिऱ्हाईक पाठवतात ना, त्यातल्या कुणीतरी बदामांचा फोटो काढला म्हणे. चहाडखोर मेला! मला वाटतं तो चष्मेवाला असणार, लठ्ठ. तीनदा भाव विचारून गेला." मग तिचे लक्ष माझ्या दंडावरच्या हाताकडे गेले. "या कोण? मावशी का तुमच्या?"

"मी हिची आई," आई म्हणाली. "आणि तू कोण गं?"

"आर्गिरो."

"आर्गिरो?" आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "परवाच तुझ्या नावानं गहू खाल्ले मी." आर्गिरोला वाटले म्हातारी भ्रमिष्ट आहे. तिने समजुतीने मान हलवली, विचारले, "आणि तुमचं नाव काय, आजी?" आणि आईने नाव सांगितले. त्यानंतर कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. तरी मी सांगितले. कंपनी, सूचना, चाळिसावा, नाव, फोटो, फोन. मी भराभरा बोलत होते आणि माझा आवाज चढत होता, कारण मला अजून वाटत होते की यात सगळ्यांत जास्त फसवणूक माझी झाली आहे. आर्गिरो ऐकत राहिली. सगळ्यांत आधी ती म्हणाली, "म्हणजे या जिवंत आहेत," आणि क्रूस केला. "देवाची कृपा. मी आत जाते, नाव दुसऱ्या बाजूला लिहून घेते, जिवंतांच्या. असं नको राहायला." दोन पायऱ्या चढून ती परत आली. "तुम्ही रडला होतात," ती मला म्हणाली. "म्हणून मी ते बदाम दिले. ते रडणं तरी खरं होतं का?"

"हो," मी म्हणाले. तो तोच शब्द होता. इयासोनासलाही मी तोच दिला होता, आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की तो आता कशालाच उपयोगी नव्हता. ती आत गेली.

मला वाटले, आता आई स्वतःच्या मरणाबद्दल विचारील, अपशकुन म्हणेल, रडेल, आणि मग मी तिला जवळ घेईन. "आई, तुझं नाव चुकून..." "माझं सोड," ती म्हणाली. "मेलेली म्हणालीस, म्हणालीस. त्यानं कुणी मरत नाही. त्या पोरानं फोनवर विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस?" "म्हणाले. तो महिन्याचे सगळे..." "हो म्हणालीस." तिने माझ्या दंडावरचा हात काढला. काठी दुसऱ्या हातात घेतली, फुटपाथच्या कडेशी गेली, दोन्हीकडे पाहिले, आणि रस्ता ओलांडू लागली. एक गाडी करकचून थांबली, हॉर्न वाजला. तिने काठी उचलून त्याला थांब म्हटले आणि पलीकडे पोचली.

मी या बाजूने चालू लागले, परात हातात, पर्समध्ये ती पुडी. "आई! वेडेपणा करू नकोस!" ती पुढे बघून चालत होती. माझा संताप अनावर झाला. "आणि तुझ्या खोलीत ऊब कुठून येते? कोण आणतं ती? सांग ना!" लोक वळून बघायला लागले. एका दुकानदाराने दारातून डोके बाहेर काढले. आईने मान वळवली नाही. गुडघे दुखत असणार, दर काही पावलांनी ती खांबाला हात लावत होती, पण थांबत नव्हती. कोपऱ्यावर थ्रासिवूलोसची जुनी टपरी आली, माझ्या बाजूला. मला वाटले, आता ती मागे पडली की आई नेहमीसारखी इकडे येईल. टपरी मागे पडली. आई पलीकडूनच चालत राहिली, आमच्या दारापर्यंत.